दोन तहांच्या कात्रीत सापडलेले अप्पासाहेब

नागपूरच्या उत्तरेस कोराडीची जगदंबा पूर्वापार प्रसिद्ध आहे. १९७४ पासून त्या गावाला दुसरी ओळख मिळाली ती तेथील औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यांमुळे. त्या केंद्रातील सुरुवातीचे संच आता मोडीत निघाले, ६६० मेगावॅटचे तीन नवे संच उभे राहिले; परंतु हे केंद्र या ठिकाणी का आले याचे कारण पालटलेले नाही. या पंचक्रोशीत जमिनीखाली कोळसा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला कामठी कोळसा क्षेत्र म्हणतात, त्याचाच हा भाग. कामठीचे नाव नकाशावर ठळक झाले ते मात्र कोळशाने नव्हे. १८२१ साली कन्हानच्या काठी तेथे एक लष्करी छावणी वसली. नागपूरकर भोसल्यांच्या खर्चाने पोसली जाणारी, परंतु ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकमतीखाली असलेली तैनाती फौज तेथे राहू लागली. ज्या राजाने या फौजेच्या तहावर प्रथम मान्यतेची मोहोर उमटविली, तो त्या वेळी राज्यभ्रष्ट होऊन पंजाबात आश्रय शोधीत होता.

मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब भोसले यांच्यासंबंधी इतिहासकारांचे मत फारसे अनुकूल नाही. कंपनीच्या कारभाऱ्यांनी लिहिलेल्या इतिहासात ते विश्वासघातकी ठरले; मराठी राज्याच्या अस्तावर हळहळणाऱ्यांनी त्यांच्यावर धरसोडीचा ठपका ठेवला. दोन्ही आरोपांत तथ्य आहे. तथापि माणसाच्या स्वभावदोषावर सारा भार टाकला की जमाखर्चाची वही पाहण्याचे राहून जाते. अप्पासाहेबांच्या बाबतीत ती पाहणे अधिक आवश्यक आहे, कारण त्यांनी राज्य गमावले ते सीताबर्डीच्या लढाईत की त्याआधी दीड वर्ष, हा प्रश्न त्या वहीतूनच सुटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात संरक्षणाच्या दोन व्यवस्था परस्परांसमोर उभ्या होत्या. पहिली व्यवस्था मराठ्यांची. पेशवे, शिंदे, होळकर, गायकवाड आणि नागपूरकर भोसले यांचा हा संघ सातारच्या छत्रपतींच्या नावाने चाले. संकटकाळी एकमेकांच्या मदतीस जाण्याची रीत त्यात होती, परंतु खर्च कोणी सोसावा, सेनापती कोणी व्हावे, लूट वा खंडणी कशी वाटावी याचे कायम ठरलेले नियम नव्हते. नागपूरकर तर पुण्याशी अनेकदा फटकूनच वागले होते. दुसरी व्यवस्था वेलस्लीने पद्धतशीरपणे उभारलेली तैनाती फौजेची. तीत सगळे काही कलमवार होते: पलटणी किती, तोफा किती, वर्षाचा खर्च किती, तो रोखीने की मुलुख तोडून, आणि परराज्यांशी बोलणे कोणाच्या मार्फत करावयाचे. निजामाने १७९८ साली ती स्वीकारली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस दुसऱ्या बाजीरावाने तीवर सही केली, आणि पहिल्या व्यवस्थेचा प्रमुखच दुसऱ्या व्यवस्थेचा आश्रित झाला.

अप्पासाहेबांचे चुलते दुसरे रघूजी यांनी या तहास शस्त्राने उत्तर दिले. परिणाम सर्वज्ञात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई, २९ नोव्हेंबर रोजी अडगाव, १५ डिसेंबर रोजी गाविलगड, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह. बालासोरसह कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेले. राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा एका मोहिमेत हातचा निघून गेला. उरलेल्या रयतेकडून तूट भरून काढताना रघूजींनी इतका कस लावला की लोक त्यांना बडा बनिया म्हणू लागले. हे दूषण खरेच होते. परंतु एका गोष्टीत या हिशेबी राजाने शेवटपर्यंत ठाम नकार दिला: तैनाती फौज. १८०९ मध्ये अमीरखानाने नागपूरच्या मुलखावर स्वारी केली तेव्हा कंपनीची फौज न मागताच मदतीला आली. ती मदत रघूजींनी पाहिली, तिचा लाभही घेतला, पण कागदावर काही दिले नाही. कंपनीच्या वकिलांनी हा विषय वारंवार काढला आणि रघूजींनी तो वारंवार टाळला. ज्याचे सैन्य आपल्या पैशाने आणि दुसऱ्याच्या हुकमाने चालते, त्याच्या खजिन्याची किल्ली कोणाकडे जाते, हे या बनियाला पक्के उमगले असावे.

नागपूरच्या दरबारात त्या काळी जो इंग्रज रेसिडेंट होता, त्याची पुढची कामगिरी पाहिली म्हणजे हा सारा पट किती विस्तृत होता ते ध्यानात येते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०४ पासून नागपुरास होता. १८०८ साली त्याला येथून उचलून थेट काबूलच्या शहाकडे पाठविण्यात आले. नेपोलियनने इराणशी संधान बांधल्याची धास्ती कंपनीला पडली होती आणि इराण, अफगाणिस्तान, पंजाब या तिन्ही दरबारांशी फ्रान्सविरुद्ध तह करण्याची घाई झाली होती. १८०९ च्या एप्रिलमध्ये मेटकाफने अमृतसर येथे रणजितसिंहाशी करार केला, जूनमध्ये एल्फिन्स्टनने शाहशुजाशी. पुढील दोन शतके इराणचे आखात आणि मध्य आशिया या पट्ट्यात महासत्तांच्या आघाड्यांची जी चढाओढ चालू राहिली, आणि विसाव्या शतकात तेल व वायू सापडल्यानंतर जी अधिकच तीव्र झाली, तिच्या आरंभीच्या खेळींपैकी एक खेळणारा माणूस नागपूरच्या रेसिडेन्सीतून निघाला होता. त्याच्या जागी आलेला रिचर्ड जेंकिन्स मात्र १८२७ पर्यंत नागपुरातच राहिला. अप्पासाहेबांची गाठ या धीम्या, चिकट आणि कागदपत्रांत निष्णात असलेल्या माणसाशी पडली.

अप्पासाहेबांचा जन्म १७९६ चा. रघूजींचे धाकटे बंधू व्यंकोजी हे त्यांचे वडील. व्यंकोजींची स्वतंत्र जहागीर होती, फौज होती, आणि दोघा भावांत पूर्ण विश्वास कधीच नव्हता. वडिलांच्या मृत्यूनंतर चुलत्याने पुतण्याच्या जहागिरीवर हात घातला, तेव्हा तरुण अप्पासाहेबांनी इंग्रज रेसिडेंटच्या मध्यस्थीचा आधार घेतला. घरच्या भांडणात बाहेरच्या बलिष्ठाला पंच करण्याची ही पहिली वेळ. २२ मार्च १८१६ रोजी रघूजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी दृष्टिहीन, शरीराने व बुद्धीने दुर्बळ. राज्य चालविणे त्यांच्याकडून होण्यासारखे नव्हते. वीस वर्षांचे अप्पासाहेब कारभारी होणार हे उघड होते, आणि त्यामुळेच राजवाड्यात बांकाबाई व धर्माजी भोसले यांचा पक्ष त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. अप्पासाहेबांनी धर्माजीला कैद केले. पुढे तो मारला गेला. कारभार हाती आला, पण रात्री निश्चिंतपणे झोपावे अशी स्थिती नव्हती.

जेंकिन्सने अनेक वर्षे ज्या संधीची वाट पाहिली होती ती अशी चालून आली. अप्पासाहेबांचे दोन वकील, नागो पंडित आणि नारायण पंडित, यांच्यामार्फत गुप्तपणे बोलणी झाली आणि २७ मे १८१६ च्या रात्री तह पुरा झाला. दरबारातील बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. रघूजींनी हयातभर जे नाकारले, ते त्यांच्या मृत्यूनंतर जेमतेम दोन महिन्यांत पुतण्याने देऊन टाकले. मोबदल्यात त्यांना काय मिळाले? कारभारी म्हणून मान्यता आणि घरच्या शत्रूंपासून संरक्षण. दिले काय ते मात्र तपशिलाने पाहण्याजोगे आहे. पायदळाच्या सहा पलटणी, घोडदळाची एक रेजिमेंट आणि गोऱ्या गोलंदाजांची एक तुकडी एवढ्या फौजेसाठी दरसाल साडेसात लाख रुपये. त्याखेरीज नागपूरने स्वतःच्या खर्चाने ३००० स्वार व २००० पायदळ कंपनीच्या उपयोगास सज्ज ठेवावयाचे, आणि त्यांची हजेरी, पगार व शिस्त पाहण्याचा अधिकार रेसिडेंटचा. परराज्यांशी व्यवहार कंपनीच्या विचाराशिवाय करावयाचा नाही, हे कलम ओघाने आलेच.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या तहातील खोच रकमेपेक्षा रकमेच्या स्वरूपात आहे. साडेसात लाखांचा हा खर्च स्थिर होता. शेतसारा स्थिर नव्हता. पाऊस चुको, पेंढारी गावे जाळोत, राज्याच्या उत्पन्नात कितीही घट येवो, फौजेचा हप्ता कमी होणार नव्हता. रघूजींच्या वेळेपासून मेटाकुटीस आलेल्या रयतेवरचा बोजा त्यामुळे वाढणार हे उघड होते. दुसरीकडे राजाचे स्वतःचे शिलेदार, त्याचे अरब शिपाई, त्याचे सरदार यांना त्याच खजिन्यातून पगार हवा होता. एकाच तिजोरीवर दोन सैन्ये पोसावयाची आणि त्यांपैकी जे अधिक बलवान ते आपल्या आज्ञेत नसावयाचे, असा हा व्यवहार होता.

शिवाय ही फौज नागपूरच्या रक्षणासाठी नागपुरात राहिलीही नाही. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांना पेंढाऱ्यांविरुद्ध मोहीम आखावयाची होती आणि त्यासाठी नर्मदेची रेषा हवी होती. बंगाल, मद्रास आणि मुंबई हे कंपनीचे तीन इलाखे एकमेकांपासून दूर पडलेले. त्यांच्या मधोमध भोसल्यांचा मुलुख पसरलेला. नागपूर हाती असले म्हणजे तिन्ही इलाख्यांच्या फौजांना एकमेकींशी सांधता येई. तह होताच काही महिन्यांत तैनाती फौजेचा मोठा भाग नर्मदेकाठी गेला. १८१७ च्या पावसाळ्यानंतर ती कर्नल ॲडम्सच्या हाताखाली होशंगाबादेच्या बाजूस होती. अप्पासाहेब पैसे भरीत होते ते कंपनीच्या मोहिमेचे.

१ फेब्रुवारी १८१७ रोजी सकाळी परसोजी आपल्या शय्येवर मृत आढळले. अप्पासाहेब त्या वेळी चांद्यास होते. त्यांच्याच सांगण्यावरून गळा दाबून हा खून झाला, असा संशय तेव्हाही होता आणि पुढे कंपनीने तो त्यांच्याविरुद्ध वापरला. मृत्यूच्या वेळी मात्र कंपनीने फारशी चौकशी न करता नव्या राजाला मान्यता दिली. सोयीचा मित्र असेपर्यंत खुनाकडे डोळेझाक आणि तो गैरसोयीचा झाला की तोच खून आरोपपत्रात पहिला, ही रीत त्यानंतरच्या आंतरराष्ट्रीय राजकारणातही अपरिचित नाही.

परसोजी गेल्याने अप्पासाहेबांच्या तहाचा पायाच नाहीसा झाला. घरात प्रतिस्पर्धी होता तोवर कंपनीचे संरक्षण ही गरज होती. तो गेल्यावर ते निव्वळ ओझे झाले. करारातील स्वार व पायदळ पुऱ्या संख्येने उभे राहीनात, जेंकिन्स तक्रारी करू लागला, दरबारात कंपनीविरोधी सरदारांचे वजन वाढले. याच सुमारास पुण्याचा बाजीराव आपल्या जोखडातून सुटण्याची धडपड करीत होता. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने त्याच्याकडून मराठा संघाचे प्रमुखत्व कागदोपत्री काढून घेण्यात आले होते. इतर दरबारांत वकील ठेवण्याचाही त्याला हक्क उरला नव्हता. तरीही त्याची माणसे नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथे फिरत होती. अप्पासाहेबांनी त्यांना आशाही लावली आणि जेंकिन्सला मैत्रीची ग्वाहीही दिली.

दोन आघाड्यांत पाय ठेवणे हे मुळात पाप नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. आपल्या काळातील उझबेकिस्तानचे उदाहरण घ्या. वायूचे मोठे साठे असलेला हा देश १९९९ साली रशियाच्या सामूहिक सुरक्षा करारातून बाहेर पडला, २००१ नंतर त्याने अमेरिकेला कर्शी-खानाबादचा तळ दिला, २००५ मध्ये तो तळ रिकामा करावयास लावला, २००६ मध्ये पुन्हा रशियाच्या गोटात गेला आणि २०१२ मध्ये पुन्हा बाहेर आला. शेजारच्या किर्गिझस्तानने एकाच वेळी अमेरिकन व रशियन असे दोन्ही तळ ठेवले; अमेरिकन तळ २०१४ मध्ये बंद झाला. या चाली कोणाला आवडोत न आवडोत, त्या शक्य झाल्या, कारण तळ परक्याचा असला तरी राजधानीतील सैन्य स्वतःचे होते आणि तळाचे भाडे परक्याकडून येत होते. अप्पासाहेबांच्या बाबतीत भाडे देणारे तेच आणि जागा देणारेही तेच. पक्ष बदलण्याची मोकळीक ज्याच्यामुळे मिळते ते साधन त्यांनी १८१६ च्या त्या रात्रीच देऊन टाकले होते. १८१७ मध्ये ते पक्ष बदलू पाहत होते तेव्हा त्यांच्या हाती फक्त इच्छा उरली होती.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि पुण्याची रेसिडेन्सी जळाली. ही वार्ता नागपुरास पोचल्यावर शहरातले वातावरण तापले. २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी भर दरबारात पेशव्यांकडून आलेली खिलत आणि सेनासाहेब सुभा हा पिढीजात किताब स्वीकारला. समारंभास जेंकिन्सलाही निमंत्रण होते. कंपनीशी युद्ध पुकारलेल्या धन्याकडून मानाची वस्त्रे घ्यावयाची आणि ती पाहावयास कंपनीच्याच वकिलाला बोलवावयाचे, हा प्रसंग अप्पासाहेबांची मनःस्थिती उघड करतो. त्यांना अजूनही वाटत होते की किताब हा किताब आहे आणि तह हा तह आहे, दोन्ही एकत्र नांदू शकतील. जेंकिन्स आला नाही. त्याने रेसिडेन्सीजवळच्या सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर फौज चढविली.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला. कंपनीकडे लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखाली सुमारे दीड हजार माणसे होती, त्यांतील बहुसंख्य मद्रासचे देशी शिपाई. भोसल्यांचे सैन्य अठरा हजारांच्या घरात होते व त्यातील अरबांच्या तुकड्या उत्तम लढवय्या. रात्रभर लहान टेकडीवर हल्ले चालले. सकाळी अरबांनी ती घेतलीही. त्या क्षणी मोठ्या टेकडीचा पाडाव अशक्य नव्हता. पण सपाटीवर कॅप्टन फिट्झजेराल्डच्या बंगाली घोडदळाने अनपेक्षित मुसंडी मारून भोसल्यांचे स्वार उधळले आणि तोफा हस्तगत केल्या. पाठोपाठ लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, त्या गोंधळात कंपनीच्या शिपायांनी टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत सारे संपले. कंपनीची ३६७ माणसे मेली वा जखमी झाली, म्हणजे चौघांत जवळजवळ एक. एवढ्या अटीतटीच्या झुंजीत अठरा हजारांच्या सैन्याला एकमुखी हुकूम मिळाला नाही. गणपतराव सुभेदार व मनभट लढत होते. अप्पासाहेब लढाई चालू असताना, आणि नंतरही, हे आपल्या आज्ञेविरुद्ध घडत असल्याचे निरोप जेंकिन्सकडे पाठवीत होते. त्यांचे हे म्हणणे निखालस खोटे होते की अर्धे खरे, याचा निवाडा करणे कठीण. जो राजा युद्ध पुकारतही नाही आणि थांबवीतही नाही, त्याच्या वतीने लढणाऱ्या शिपायाची स्थिती काय होत असेल, एवढेच ध्यानात घेतले तरी पुरे.

दोन दिवसांतच नर्मदेकडून कुमक आली. ती तुकडी अप्पासाहेबांच्याच साडेसात लाखांतून पोसलेल्या फौजेची होती. १२ डिसेंबरला जनरल डोव्हटन येऊन पोचला. १६ तारखेस अप्पासाहेब रेसिडेन्सीत येऊन स्वाधीन झाले. त्याच दिवशी सक्करदऱ्याजवळ त्यांच्या सैन्याचा मोड झाला. अरबांनी मात्र शहर डिसेंबरअखेरपर्यंत झुंजविले आणि सुखरूप वाट मिळवूनच ते बाहेर पडले.

जानेवारी १८१८ च्या तडजोडीने अप्पासाहेबांना गादी परत मिळाली, पण नर्मदेचा मुलुख, गाविलगड व वऱ्हाडातील उरलासुरला भाग, सरगुजा आणि जशपूर कंपनीकडे गेले. सीताबर्डीच्या टेकड्याही गेल्या. आजच्या कोळसा नकाशावर १८०३ आणि १८१८ ची ही यादी ठेवून पाहिली तर मन चकित होते. कटकबरोबर गेलेल्या ओरिसाच्या गडजातांत तालचेर, सरगुजात बिश्रामपूर, नर्मदेच्या खोऱ्यात मोहपानी. भोसल्यांकडे उरलेल्या मुलखात छत्तीसगडातील कोरबा, छिंदवाड्याकडील पेंच व कन्हान, चांद्याचे वर्धा खोरे, उमरेड आणि कामठी. देशाच्या विजेचा केवढा तरी भाग आज ज्या भूमीतून येतो, ती जवळजवळ सलग पट्टी नागपूरच्या राज्यात होती. अर्थात हे धन त्या वेळी ना घेणाऱ्याला ठाऊक होते ना देणाऱ्याला. तेव्हाची स्पर्धा होती ती मार्गासाठी, साऱ्यासाठी आणि सैन्याच्या ठाण्यांसाठी. परंतु एकदा भूमीवरचा अधिकार गेला की तिच्या पोटात पुढे जे सापडेल त्यावरचाही जातो, हा या व्यवहारातील न लिहिलेला भाग. चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याची कोळशाची खाण १८७१ साली सुरू झाली, तेव्हा त्या उत्पन्नात भोसल्यांचा काही संबंध उरला नव्हता.

गादी परत मिळाली तरी ती दोन महिने टिकली. पळणाऱ्या बाजीरावाशी अप्पासाहेबांचा पत्रव्यवहार चालू असल्याचा आरोप ठेवून मार्च १८१८ मध्ये त्यांना अटक झाली. परसोजींच्या खुनाचे प्रकरणही आता बाहेर काढण्यात आले. अलाहाबादेकडे नेत असता मे महिन्यात जबलपूरनजीक त्यांनी पहाऱ्यावरील शिपायांना फितविले आणि शिपायाच्याच वेषात निसटले. येथून पुढे या माणसाचे एक निराळेच रूप दिसते. राजवाड्यात कच खाणारे अप्पासाहेब पचमढीच्या महादेव डोंगरात गोंड जमीनदारांच्या आश्रयाने जवळजवळ नऊ महिने कंपनीच्या तुकड्यांना चकवीत राहिले. ज्या गोंडांकडून त्यांच्या पूर्वजांनी देवगड घेतले होते, तेच गोंड या पडत्या काळात त्यांच्यासाठी लढले आणि त्याची जबर किंमत त्यांनी मोजली. १८१९ च्या फेब्रुवारीत चितू पेंढाऱ्यासह ते असीरगडाच्या पायथ्याशी पोचले. चितू पुढे जंगलात वाघाच्या तोंडी पडला. गडाचा किल्लेदार जसवंतराव लाड शिंद्यांचा नोकर; त्याने अप्पासाहेबांना आसरा दिला अशा संशयाने कंपनीने गडाला वेढा घातला. ९ एप्रिल १८१९ रोजी असीरगड पडला. आत अप्पासाहेब नव्हते.

मधल्या काळात बाजीरावाने ३ जून १८१८ रोजी माल्कमपुढे शस्त्र ठेवले होते. त्याला वर्षाला आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन ठरले आणि तो बिठूरला जाऊन राहिला. ज्या किताबापायी अप्पासाहेबांचे राज्य गेले, तो देणारा धनी त्यांच्या तैनाती फौजेच्या वार्षिक खर्चाहून अधिक रक्कम घेऊन गंगाकाठी स्थिरावला होता. त्याच पेंढारी मोहिमेत गुजरातकडील फौज सांभाळणारा विल्यम ग्रँट केर १८१९ अखेर इराणच्या आखातात रास-अल-खैमावर चालून गेला, आणि १८२० च्या जानेवारीत तेथील अरब शेखांशी त्याने सागरी शांततेचा तह केला. तेलाचा शोध लागण्यापूर्वी शंभर वर्षे आखातातील किनारा अशा रीतीने एका संरक्षणव्यवस्थेत बांधला गेला. नर्मदेवरचे आणि आखातातले सेनापती एकच होते. तहांची भाषाही फारशी निराळी नव्हती.

असीरगडाहून अप्पासाहेब पंजाबात गेले. रणजितसिंह हा त्या वेळी हिंदुस्थानातील खऱ्या अर्थाने स्वतंत्र असा एकमेव मोठा राजा. परंतु १८०९ च्या अमृतसरच्या करारामुळे सतलजच्या दक्षिणेस हात घालण्याची त्याला मुभा नव्हती आणि एका पदच्युत राजासाठी तो करार मोडण्याइतका तो भोळा नव्हता. अमृतसरला राहून अप्पासाहेबांनी काबूलच्या पदच्युत शहाजमानचा पुत्र हैदर याच्याशी संधान बांधले. बेत असा की हैदरने हिंदुस्थानचा बादशहा व्हावे आणि अप्पासाहेबांनी त्याच्या वतीने दक्षिण सांभाळावी. राज्य नसलेल्या दोघांची ही आघाडी रणजितसिंहाच्या कानी गेली आणि त्याने नागपूरकरांना आपल्या हद्दीतून निघून जाण्यास सांगितले. काही वर्षे मंडीच्या डोंगरी संस्थानात काढून १८२९ मध्ये ते जोधपूरला आले. तेथील महाराजा मानसिंह स्वतः १८१८ पासून कंपनीच्या तहाने बांधलेला होता. तरीही नाथपंथीयांच्या महामंदिरात आश्रयाला आलेल्या माणसाला हवाली करण्यास त्याने साफ नकार दिला. कंपनीने दबाव आणला आणि शेवटी अप्पासाहेब गप्प राहतील या हमीवर प्रकरण सोडून दिले. तह झालेल्या राज्यालाही काही गोष्टी नाकारता येतात, हे मानसिंहाने दाखविले. नागपूरहून पाहता त्यास एक कारण होते: जोधपूर वाळवंटात होते, तिन्ही इलाख्यांच्या वाटेवर नव्हते.

महामंदिरातच १८४० साली अप्पासाहेबांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे चव्वेचाळीस. त्यांतली बावीस वर्षे पळण्यात आणि आश्रितपणात गेली. नागपुरात त्यांच्या जागी रघूजींच्या कन्येचा मुलगा तिसरे रघूजी म्हणून बसविण्यात आला होता. १८२६ पर्यंत कारभार जेंकिन्सनेच पाहिला, आणि तो चांगला पाहिला हे मान्य केले पाहिजे. शेतसाऱ्याची व्यवस्था लागली, लुटालूट थांबली, पडीक जमीन लागवडीस आली. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक नाकारून पुढील वर्षी राज्य खालसा केले. त्याच्या टिपणात या भागातील कापसाचा उल्लेख आवर्जून आहे, कोळशाचा नाही. बांकाबाई तोवर हयात होत्या. राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास लिलावात गेले, आणि कामठीची फौज होती तेथेच राहिली. तिचा खर्च आता निराळा दाखविण्याचे कारण उरले नव्हते.